वय साडेसोळा, हुद्दा 'बाई'!

शंभर वर्षांपूर्वीच्या एका कॅनेडियन शिक्षिकेच्या गोष्टी आजच्या डेडलाइनवाल्या पिढीला इतक्या का आवडतात? रेवसच्या लाँचमध्ये बसून घेतलेला एक शोध.

पहिल्या नोकरीचा पहिला दिवस आठवतोय? आईने आग्रहाने घ्यायला लावलेला नवा ड्रेस, पोटात गोळा आणि मनात एकाहून एक भारी बेत. मी कधी कुणावर ओरडणार नाही. मी सगळ्यांशी गोड बोलून काम करून घेईन. मी त्या अमक्या बॉससारखी खडूस तर मुळीच होणार नाही!

हे बेत साधारण किती दिवस टिकतात, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

अगदी असेच बेत करून एक मुलगी गावच्या शाळेत शिकवायला शिरली, त्याला आता शंभराहून जास्त वर्षं झाली. तिचं नाव अ‍ॅन शर्ली. वय साडेसोळा. केस लालभडक, नाकावर ठिपके, जीभ तिखट आणि डोकं कायम ढगात. लूसी मॉड मॉन्टगोमेरी या कॅनेडियन लेखिकेने १९०८ साली तिला 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स'मधून जगापुढे आणलं. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, 'अ‍ॅन ऑफ अ‍ॅव्हनली' आलं आणि काल बाकावर बसणारी ही पोरगी त्याच शाळेत टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. बाई झाली!

अ‍ॅनच्या मालिकेत एकूण आठ पुस्तकं. जगभर तिच्या प्रती कोट्यवधींनी खपल्यात. २०१७ ते २०१९ या काळात 'अ‍ॅन विथ अ‍ॅन ई' ही सीरिज आली आणि आपल्याकडच्या अनेक मुलींना अ‍ॅन पहिल्यांदा भेटली ती पडद्यावर. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी सीरिज संपल्यावर चुटपुट लागली म्हणून पुस्तकं शोधली. एक बँकेत आहे, एक जाहिरात कंपनीत, एक हिंजवडीला कोडिंग करते. तिघींची आवडती पुस्तकं वेगवेगळी, पण एक गोष्ट कॉमन. लहानग्या अ‍ॅनपेक्षा त्यांना नोकरी करणारी अ‍ॅन जास्त जवळची वाटते.

असं का बरं?

बेत गेले उडत!

गोष्ट थोडक्यात अशी. शेतीकामाला मदत म्हणून मॅथ्यू आणि मरिला या वयस्कर बहीणभावाने अनाथाश्रमातून मुलगा मागवलेला असतो. येते ती अकरा वर्षांची बडबडी मुलगी. ती राहते, शिकते, शिक्षिकेची परीक्षा पास होते आणि गावच्या एकखोली शाळेत रुजू होते.

रुजू होण्याआधी मैत्रिणींशी वाद होतो. जेन म्हणते, छडीशिवाय पोरं ऐकणार नाहीत. अ‍ॅन म्हणते, छे, मी प्रेमाने जिंकेन. वर्गात अँथनी पाय नावाचा एक वांड मुलगा असतो. मुलींनी काय शिकवायचं, असं त्याचं ठाम मत. अ‍ॅन त्याच्याशी गोड बोलते, हसते. तो ढिम्म!

आणि मग येतो तो एक दिवस. रात्रभर दाढदुखीने झोप नाही. बाहेर कडाक्याची थंडी. वर्गातल्या शेगडीत पडलेल्या पुडक्यातून फटाके उडतात. ड्रॉवर उघडते तर आत उंदीर. अ‍ॅनचा तोल जातो आणि ती अँथनीला मारते. घरी येऊन ढसाढसा रडते. आपण जे कधीच करणार नव्हतो, नेमकं तेच केलं म्हणून.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवसापासून अँथनी तिचा भक्त! आता इथे आजच्या वाचकाची भुवई उंचावते आणि उंचवायलाच हवी. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यावर सरळ बंदी घातली आहे. त्यामुळे 'मारलं म्हणून सुधारला' हा हिशोब आज कुणाला पटायचा नाही. पण मॉन्टगोमेरीबाई त्यावर टाळ्या वाजवत नाहीत. अ‍ॅनला त्या विजयाचा आनंद होत नाही, खंतच वाटते. वाचताना आपल्याला आठवतो तो आपला 'तसला' दिवस. टीममधल्या नव्या पोरावर खेकसलो होतो तो, किंवा क्लायंटचा राग कॅन्टीनच्या पोऱ्यावर काढला होता तो.

हीच या पुस्तकांची खरी मजा. नायिका आदर्श वगैरे नाही. ती शेजाऱ्याची गाय आपली समजून विकून टाकते. गावसुधारणा मंडळ काढते, सभागृहाला रंग द्यायचं ठरवते आणि चुकीच्या डब्यामुळे अख्खी इमारत भयाण निळी होते. आवडती लेखिका घरी यायची असते तेव्हा नाकावरचे ठिपके घालवायला भलतीच बाटली उघडते आणि नाक लाल करून बसते. कामात झालेला घोळ, त्यावर चार अश्रू, मग मैत्रिणीबरोबर खो खो हसणं आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर. आपलं तरी दुसरं काय चालतं?

ऑफिस पॉलिटिक्स, बिनावायफाय

तुम्ही नोकरीत दोन-चार वर्षं मुरलेले असाल तर 'अ‍ॅन ऑफ विंडी पॉपलर्स' (१९३६) तुमच्यासाठीच लिहिलंय असं वाटेल. अ‍ॅन आता पदवीधर आहे आणि समरसाइड नावाच्या गावात हायस्कूलची मुख्याध्यापिका म्हणून येते. गावात प्रिंगल घराण्याचं राज्य. त्यांच्या नातेवाइकाला ही जागा हवी होती, मिळाली नाही. मग काय, अख्खी प्रिंगल सेना अ‍ॅनवर तुटून पडते. मुलं वर्गात गोंधळ घालतात, आईवडील त्यांना पाठीशी घालतात, समारंभात टोमणे, पाठीमागे कुजबुज. कॉर्पोरेटमधली लॉबी याहून वेगळी असते का हो?

अ‍ॅन शेवटी जिंकते, पण कशी, ते सांगत नाही. एवढंच सांगते की एका जुन्या खलाशाची डायरी त्यात कामाला येते आणि प्रसंग भन्नाट आहे.

याच पुस्तकात कॅथरिन ब्रूक आहे. शाळेतली दुसरी शिक्षिका. कडवट, तुसडी, मुलांना नकोशी. तिला शिकवणं मुळात आवडतच नाही. पोट भरायला धरलेली नोकरी. अ‍ॅन तिला नाताळात आपल्या घरी घेऊन जाते, हळूहळू तिचं मन मोकळं होतं आणि कॅथरिन शेवटी काय करते? शिक्षिकेची नोकरी सोडते आणि सेक्रेटरीच्या कामाचं शिक्षण घ्यायला जाते. वाईट शिक्षिकेला सुधारून चांगली शिक्षिका बनवायची सोपी वाट लेखिकेने घेतलेली नाही. चुकीच्या कामात अडकलेल्या माणसाला तिथून बाहेर पडायची मुभा आहे, हे तिने १९३६ साली लिहून ठेवलंय. इंजिनिअरिंग करून आता बेकरी चालवणाऱ्या माझ्या एका मित्राला हे प्रकरण मी वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता.

आणि जाहिरात क्षेत्रातल्या मंडळींसाठी खास टीप: 'अ‍ॅन ऑफ द आयलंड' (१९१५) सोडू नका. अ‍ॅनने जीव ओतून लिहिलेल्या आणि संपादकांनी परत पाठवलेल्या प्रेमकथेत तिची मैत्रीण डायना परस्पर बेकिंग पावडरचं नाव घुसडते आणि त्या कंपनीच्या स्पर्धेत पाठवते. बक्षीसही मिळतं! अ‍ॅनला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ब्रँडेड कंटेंटची पहिली बळी म्हणावी का हिला?

लाल माती, खाडी आणि लाँच

हे सगळं वाचायला रेवसच का? कारण अ‍ॅनचं गाव ज्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर आहे ते बेट आकाराने आपल्या रायगड जिल्ह्यापेक्षाही लहान. चहूबाजूंनी समुद्र, कोळ्यांची वस्ती, शेतं आणि लोखंडाच्या अंशाने लाल झालेली माती. बर्फ आणि मेपलची झाडं वजा करा, चिंच-आंबा मिळवा, की चित्र ओळखीचं वाटायला लागतं.

रेवस म्हणजे अलिबाग तालुक्याचं उत्तर टोक. धरमतरची खाडी इथे समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर उरणचं करंजा, शेजारी बोडणीचा कोळीवाडा. मांडव्याला हॉटेलं आणि बंगले आले, २०२० पासून गाड्या नेणारी रो-रोही सुरू झाली. रेवस मात्र तसं शांतच राहिलं. चिखल, तिवरं, सुकत घातलेले बोंबील आणि भरती-ओहोटीवर चालणारं घड्याळ. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने यायचं, हा इथला जुना रिवाज.

या वाटेला एक दुखरी आठवणही आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ही बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी दिव्यांची अवस होती. सणासाठी घरी निघालेले चाकरमानी बोटीवर होते. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. आजही या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'रामदास'चं नाव येतं. अ‍ॅनच्या पाचव्या पुस्तकात, 'अ‍ॅन्स हाउस ऑफ ड्रीम्स'मध्ये (१९१७), कॅप्टन जिम नावाचा म्हातारा दीपगृह सांभाळतो आणि समुद्राने दिलेल्या-नेलेल्या माणसांच्या कहाण्या वहीत लिहून ठेवतो. रेवसच्या धक्क्यावर बसून ते वाचलं की पानातला समुद्र परका राहत नाही.

तर एका शनिवारी आम्ही तिघी-चौघी पुस्तकं घेऊन लाँचमध्ये चढलो. शेजारी टोपल्या, पिशव्या, एक सायकल. समोरच्या बाकावर एक आजी, कॉटनची साडी, चष्मा. माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत होत्या.

"कशावर आहे गं पुस्तक?"

"एका शाळेतल्या बाईंवर आहे, आजी. सोळा वर्षांच्या."

त्या हसल्या. "मी वीस वर्षांची होते. खाडीकाठच्या शाळेत पहिली नेमणूक. सातवीतली पोरं माझ्याहून उंच!"

आजी म्हणजे निवृत्त शिक्षिका निघाल्या. नाव छापू नकोस म्हणाल्या, म्हणून छापत नाही. पण त्यांनी सांगितलेलं डोक्यातून जात नाही. सुरुवातीला त्या रोज हजेरी घेऊन वैतागायच्या. आज दहा मुलं गायब, उद्या पंधरा. रागवून झालं, पालकांना बोलावून झालं. मग एका मुलाच्या आईने त्यांना बंदरावर नेऊन दाखवलं, होड्या आल्या की घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं.

"मग काय केलंत बाई?" नकळत आम्ही सगळ्या त्यांना 'बाई' म्हणायला लागलो होतो.

"काय करणार? भरतीचं वेळापत्रक पाठ केलं," त्या म्हणाल्या. "गणित आणि भाषा होड्या यायच्या आधी. आणि मासळी मोजण्यातूनच बेरीज-वजाबाकी. माझी पोरं हिशोबात कधी फसली नाहीत हो."

मी विचारलं, "कधी मारलंत कुणाला?"

बाई थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. "एकदा," एवढंच म्हणाल्या. आम्हीही पुढे विचारलं नाही.

अ‍ॅन त्यांनी वाचलेली नव्हती. पण मला वाटलं, यांना ती वाचायची गरजही नाही.

आपल्याकडच्या बाई

'बाई' हा शब्द तरी कसला आहे बघा! मुलींच्या नावामागे लागतो, घरकामाला येणाऱ्या मावशींना लागतो आणि शाळेत गेला की त्याला एकदम वजन येतं. आता त्याची जागा 'मिस' आणि 'टीचर'ने घेतलीय, ते असो.

अ‍ॅन साडेसोळाव्या वर्षी शिक्षिका झाली, ती पुस्तकात. आपल्याकडे १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई फुले सतरा वर्षांच्या होत्या, खऱ्याखुऱ्या. त्यांच्यापुढे प्रिंगल घराणं नव्हतं, शेण-दगड मारणारा समाज होता. त्यामुळे मराठीत शिक्षिका हे पात्र आलं तेच मुळी डोक्यावर ओझं घेऊन. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींची घुसमट त्यात इतकी उघडपणे मांडलेली होती की गहजब झाला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. त्या टोपणनावामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजेच मालतीबाई बेडेकर. त्या स्वतः हिंगण्याच्या संस्थेत शिकवत होत्या.

पुढे अनुताई वाघ. बालपणीच लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं गुरांमागे रानात जातात, शाळेत येत नाहीत, मग शाळाच कुरणात न्यायची. त्या 'कुरणशाळे'ची कल्पना आजच्या कुठल्याही स्टार्टअपच्या फंड्याला भारी पडेल. त्यांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मिळालं तर जरूर वाचा. लाँचमधल्या बाईंचं भरतीचं वेळापत्रक आणि अनुताईंची कुरणशाळा, दोन्हीच्या मागे एकच अक्कल आहे. मुलं येत नसतील तर चूक मुलांची आहे असं आधी धरायचं नाही.

मग अ‍ॅन आपल्याला नवीन काय देते? माझ्या मते, हसू. आपल्या बाईंच्या वाट्याला लढाई आली, निःश्वास आले, त्याग आला. वर्गात फजिती करून घेणारी, पुस्तकी स्वप्नं बघणारी, गाय विकून बसणारी तरुण मास्तरीण क्वचितच भेटली. ती हौस भागवायला मराठी मुलींना बाहेरच्या घरात डोकवावं लागलं आणि तिथे दार उघडून दिलं शांता शेळके यांनी. लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा त्यांनी केलेला 'चौघीजणी' हा अनुवाद किती घरांतल्या कपाटात आहे, विचारा आपापल्या आईला! त्यातली मेग दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळून शिकवते, ज्यो लेखिका व्हायची स्वप्नं बघत शिकवण्या करते आणि शेवटी प्लमफिल्डची शाळाच काढते. शांताबाईही नोकरदार. 'नवयुग'मध्ये पत्रकारिता केली, मग कॉलेजात मराठी शिकवलं. नोकरी करता करता लिहिणाऱ्या ज्योची तगमग त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नसणार.

राहायचं की जायचं?

आता मुद्द्याचं. एवढी सगळी मजा बाजूला ठेवली तरी या मालिकेत एक काटा आहे आणि तो आपल्या पिढीला बरोबर टोचतो.

अ‍ॅन शिक्षिका का होते? स्वप्न होतं म्हणून? नाही. तिला कॉलेजची मानाची स्कॉलरशिप मिळालेली असते. तेवढ्यात पैसे ठेवलेली बँक बुडते, त्याच धक्क्याने मॅथ्यू जातो, मरिलाची नजर अधू होत चालते. घर विकायची वेळ येते. अ‍ॅन स्कॉलरशिप सोडते, गावात राहते, शाळा धरते. तिला घराजवळची शाळा मिळावी म्हणून गिल्बर्ट स्वतःची जागा सोडतो.

हे लेखिकेने हवेतून आणलेलं नाही. मॉन्टगोमेरी पावणेदोन वर्षांची असताना आई गेली. आजी-आजोबांनी वाढवलं. दोन वर्षांचा शिक्षिकेचा कोर्स तिने एका वर्षात संपवला, बिडफर्ड, बेलमाँट आणि लोअर बेडेक या तीन गावांत शिकवलं. बेलमाँटच्या थंडगार घरात ती सकाळी सहाला उठायची, जाड कोट घालायची, पाय गरम राहावेत म्हणून त्यांच्यावरच बसायची आणि गारठलेल्या बोटांनी शाळेच्या आधी लिहायची. 'वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी इथे थोडं थांबायला हरकत नाही! १८९८ साली आजोबा गेले. एकट्या आजीसाठी ती नोकरी सोडून गावी परतली आणि मधला हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्रातला काही महिन्यांचा काळ सोडला तर १९११ पर्यंत तिथेच राहिली. 'ग्रीन गेबल्स' तिथेच लिहिलं. प्रकाशकांनी नाकारलं, तेव्हा हस्तलिखित टोपीच्या खोक्यात टाकून दिलं. काही काळाने परत काढलं, परत पाठवलं. पुढचं आपल्यासमोर आहे.

आपल्यातल्या किती जणांनी हा हिशोब केलाय! बंगलोरची ऑफर की बाबांची बायपास? एमएस की धाकट्याचं शिक्षण? बँकेतल्या माझ्या मैत्रिणीने दिल्लीचं प्रमोशन सोडलं, कारण आई एकटी. ती म्हणते, "सगळे म्हणाले, किती गं गुणी मुलगी! मला तसलं काही नको होतं. अ‍ॅनचं वाचल्यावर वाटलं, राहणारी माणसंही आयुष्य पुढे नेतात." अ‍ॅन दोन वर्षांनी कॉलेजला जातेच. शेजारच्या रेचेलबाई मरिलाच्या सोबतीला राहायला येतात आणि वाट मोकळी होते. एकटीच्या त्यागाने प्रश्न सुटत नाही, कुणीतरी दुसऱ्याने जबाबदारी वाटून घ्यावी लागते. हे फार शहाणपणाचं आहे.

पुस्तकातला काटा गोड होतो, प्रत्यक्षात नेहमी होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. शिक्षिकेची नोकरी 'पवित्र' म्हणायची आणि पगाराला हात आखडायचा, ही आपलीही जुनी सवय. महाराष्ट्रात नव्याने लागलेल्या प्राथमिक शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला ६,००० रुपये मानधन होतं. त्या वर्षी ते १६,००० झालं. गावात राहून शिकवणाऱ्या तरुण मुलीचं कौतुक करताना हा आकडा विसरू नये.

आणि खटकतं तेही सांगूनच टाकते. लग्न झालं की अ‍ॅनची नोकरी संपते. डॉक्टरसाहेबांची बायको, मुलंबाळं, मोठं घर. लिहिण्याची स्वप्नंही मागे पडतात. कोडिंगवाली मैत्रीण सहाव्या पुस्तकाला रागाने बंद करून बसली होती. त्या काळात लग्न झालेल्या बाईने शाळेत शिकवणं फारसं चालत नसे, हे खरंच. पण गंमत अशी की मॉन्टगोमेरीने स्वतः तसं केलं नाही. पाद्र्याशी लग्न, दोन मुलांचा संसार, नवऱ्याचं मानसिक आजारपण लोकांपासून लपवण्याची कसरत, आणि या सगळ्यात ती मरेपर्यंत, म्हणजे १९४२ पर्यंत, लिहीत राहिली. नायिकेला जे दिलं नाही ते लेखिकेने स्वतःकडे ठेवलं, असं म्हणूया का?

बॉम्ब पडत असताना जपलेलं पुस्तक

एका अनुवादाची गोष्ट सांगते. १९३९ साली जपान सोडून निघालेल्या एका कॅनेडियन मिशनरी बाईने आपल्या जपानी मैत्रिणीला 'ग्रीन गेबल्स'ची प्रत भेट दिली. ही मैत्रीण हानाको मुराओका. तरुणपणी तीही शिक्षिका होती. पुढे युद्ध पेटलं, इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली. हानाकोने गुपचूप अनुवाद सुरू ठेवला, हवाई हल्ल्यांत तो जिवापाड सांभाळला. १९५२ साली 'लाल केसांची अ‍ॅन' जपानीत आली आणि युद्धात होरपळलेल्या, आईबाप गमावलेल्या पिढीने तिला उचलून धरलं. १९७९ साली तिच्यावर अ‍ॅनिमेशन मालिका झाली, २०१४ मध्ये हानाकोच्या आयुष्यावर टीव्ही मालिका. आजही जपानी पर्यटक त्या कॅनेडियन बेटावर जातात.

आपल्यासाठी यात एक खबर आहे. मॉन्टगोमेरी १९४२ साली गेली, त्यामुळे तिच्या हयातीत आलेली ही पुस्तकं भारतात २००३ पासून कॉपीराइटमुक्त आहेत. आठही पुस्तकं मराठीत आणायला कुणाची परवानगी लागत नाही. लागते ती शांताबाईंसारखी नजर आणि चिकाटी. आहे का कुणी तयार?

कुठून सुरुवात कराल?

अगदी नवखे असाल तर अर्थातच 'ग्रीन गेबल्स'. नुकती नोकरी लागली असेल तर 'अ‍ॅव्हनली'. होस्टेल, फ्लॅटमेट्स आणि फसलेलं प्रेम या भानगडीत असाल तर 'आयलंड'. ऑफिसमध्ये कुणी छळत असेल तर थेट 'विंडी पॉपलर्स', पत्रांच्या रूपात असल्याने लोकलमध्ये तुकड्या-तुकड्यांत वाचायला बेस्ट. लग्न ठरलं असेल किंवा कुणी जवळचं गमावलं असेल तर 'हाउस ऑफ ड्रीम्स', पण रुमाल जवळ ठेवा. शेवटचं 'रिला ऑफ इंगलसाइड' (१९२१) पहिल्या महायुद्धात मुलं पाठवून मागे राहिलेल्या घराची गोष्ट आहे, ती निवांत वेळ काढून वाचा.

आणि वाचायला कुठे जाल?

भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडा. वेळा भरती-ओहोटी आणि हवामान बघून बदलतात, तेव्हा निघण्याआधी धक्क्यावर चौकशी करा. उरणकडून येत असाल तर करंज्याहून तरीने खाडी ओलांडता येते. रेवसला फार काही 'स्पॉट' नाहीत, हाच त्याचा प्लस पॉइंट. धक्क्यावर चहा घ्या, पुस्तक उघडा. जास्त वेळ असेल तर अलिबागच्या एसटीने कनकेश्वराच्या पायथ्याशी उतरा, पायऱ्या चढून डोंगरावर जा. किंवा पुढे किहीमला. १९३० साली हातची नोकरी गेल्यावर सालिम अली याच किहीमला येऊन राहिले आणि सुगरण पक्ष्याची घरटी बघत बसले. त्या बघण्यातून केवढं मोठं काम उभं राहिलं! नोकरी गेली म्हणजे सगळं संपलं असं वाटणाऱ्यांनी तिथे जरूर एक संध्याकाळ काढावी.

हे सगळं लवकर करा बरं का. धरमतर खाडीवर रेवस-करंजा पुलाचं काम हाती घेतलंय. अ‍ॅनच्या बेटालाही १९९७ साली जवळजवळ १३ किलोमीटरचा पूल मिळाला. पूल हवाच. बाळंतपणाला निघालेल्या बाईला, आजाऱ्याला, रोज खाडी ओलांडून शाळेत जाणाऱ्या मास्तरणीला तो हवाच हवा. फक्त पुलावरून गाडीने भुर्रकन जाताना समोरच्या बाकावरच्या आजी "कशावर आहे गं पुस्तक?" असं विचारणार नाहीत.

तेव्हा येत्या शनिवारी लॅपटॉप घरी ठेवा, पुस्तक पिशवीत टाका. आणि जाता जाता तुमच्या शाळेतल्या एखाद्या बाईंना फोन करा. नंबर नसेल तर शोधा. त्या तुम्हाला हजेरीच्या नंबराने ओळखतील, पैज लावा!